पोलो जीटीसाठी मागचा अँटी-रोल बार: किती जाड पुरे? – प्रकल्प नोंदी

अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई; वळणात ती पिळली जाते आणि गाडीचं कलणं रोखते. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१५ ची, १.२ लिटर, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. काम सुरू केलं तेव्हा ८१ हजार किलोमीटर झालेले. टायर १८५/६० आर १५. रोज पुण्यात ऑफिस, सुट्टीला पहाटे एखादा घाट, एवढाच वापर. ट्रॅकवर न्यायची नाही. स्प्रिंगा बदलायच्या नाहीत आणि गाडी एक सेंटिमीटरही खाली आणायची नाही, कारण सोसायटीचा उतार आणि ऑफिसच्या वाटेवरचे गतिरोधक ते चालवून घेणार नाहीत. या अटींत बसेल तेवढंच काम. कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतोय.

४ फेब्रुवारी २०२४

आधी तक्रार नीट लिहून काढली. "हँडलिंग सुधारायचंय" एवढंच सांगत बाजारात गेलं की लोक काहीही गळ्यात मारतात.

वाईहून पसरणी घाट चढताना हेअरपिनमध्ये दोन गोष्टी होतात. वळणात वेग जरा जास्त असला की नाक बाहेर ओढतं. स्टिअरिंग आणखी फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. आणि वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दिला की आतल्या बाजूचं पुढचं चाक मोकळं फिरतं, ईएसपीचा (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतो. एवढं होत असताना मागचा भाग ढिम्म. तो नुसता पुढच्याच्या मागून येत राहतो.

दोन्हींचं मूळ एक. वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं आणि त्या ढकलाढकलीचा मोठा वाटा पुढच्या जोडीवर पडतो. मागे कडक बार घातला की वाटा मागे सरकतो आणि पुढच्या आतल्या चाकाखाली थोडं वजन शिल्लक राहतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागचा बार घालतात तो मुख्यतः यासाठी. बॉडी कमी कलते हे खरं, पण त्यासाठी कुणी पैसे घालवू नयेत.

पोलोचं मागचं सस्पेन्शन ट्विस्ट बीमचं आहे. दोन ट्रेलिंग आर्म (चाकं धरणारे आडवे हात) आणि त्यांना जोडणारा पत्र्याचा उघडा बीम. एक चाक वर, दुसरं खाली गेलं की बीम पिळला जातो आणि बारचं काम तोच करतो. बाजारात मिळणारा बार या बीमला समांतर बसतो, दोन्ही टोकं आर्मवर क्लॅम्पने आवळायची. त्याला लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारे छोटे दांडे) नाहीत, बॉडीवर बुश (रबरी आधार) नाहीत. ऑक्टेव्हियाच्या मल्टिलिंकवाल्या (मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यांवर असलेल्या) गाड्यांना मिळणाऱ्या बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात, लिंक कुठल्या भोकात लावली त्यावर कडकपणा बदलतो. आपल्याकडे ती सोय नाही. जाडी एकदाच निवडायची, चुकली तर सगळा बार बदलायचा. म्हणून निवडीत घाई नको.

११ फेब्रुवारी

समोर आलेले पर्याय चार: १९ मिमी भरीव, २२ मिमी भरीव, २२ मिमी पोकळ (भिंत ३ मिमी) आणि २५ मिमी भरीव. विकणारे जाडी मोठ्या अक्षरांत छापतात आणि बाकी गप्प बसतात.

कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. लांबी सारखी धरली आणि १९ भरीवला १ म्हटलं, तर २२ पोकळ १.२९, २२ भरीव १.८ आणि २५ भरीव ३. डोळ्यांना १९ आणि २५ मध्ये सहा मिलिमीटरचा फरक दिसतो, गाडीला तो तिप्पट लागतो. वजनाचा हिशोब वेगळाच: २२ भरीव मीटरला सुमारे ३ किलो, तर पोकळ १.४ किलो. म्हणजे पोकळ बार निम्म्याहून कमी वजनात ७२ टक्के काम करतो. "पोकळ म्हणजे हलका माल" असं दुकानदार म्हणाला तर त्याला हा हिशोब दाखवा.

भोसरीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडेही चौकशी केली. तो साध्या माइल्ड स्टीलच्या सळईला टोकाला प्लेटा वेल्ड करून सहा हजारांत द्यायला तयार होता. त्याचं म्हणणं होतं की स्टील ते स्टील, सगळं सारखंच कडक. अर्धं बरोबर आहे. लवचिकतेचा गुणांक सगळ्या स्टीलचा जवळपास एकच, त्यामुळे साध्या स्टीलचा बारही पहिल्या दिवशी तेवढाच कडक वाटेल. फरक ताकदीत. स्प्रिंग स्टील पिळून परत मूळ जागी येतं, माइल्ड स्टील एका मर्यादेनंतर पिळलेलंच राहतं. त्यात वेल्डची जागा नेमकी सर्वात जास्त ताण येतो तिथे. वळणावळणाला पिळून पिळून तिथे तडा जाणार, आणि तो घाटातच जाणार. स्प्रिंग स्टीलचं, म्हणजे ईएन ४७ वगैरेचं, करून उष्णतासंस्कार करून मागितलं तर भाव आयात मालाच्या जवळ गेला. तो रस्ता सोडला.

२४ फेब्रुवारी

नवीन काही घालण्याआधी जुनं तपासायचं ठरवलं होतं. ओळखीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो. पुढच्या लिंक रॉडचा एक बॉल हाताने हलत होता. लोअर आर्मचे मागचे बुश चिरलेले. मागचे दोन्ही शॉकअप तेलकट, एक तर दाबला की परत यायचं नावच घेईना.

"साहेब, बार राहू द्या, आधी हे करा. मागचं टायर रस्त्यावर टिकतच नाहीये," मामा म्हणाला.

केलं. लिंक रॉड जोडी २,९००, बुश ३,४००, मागचे शॉकअप ७,८००, मजुरी ४,५००, अलाइनमेंट ९००. एकूण १९,५००. नाना पेठेत बुश स्वस्त मिळत होते, पण डब्यावरचा छाप आणि बुशवरचा छाप जुळेना, म्हणून ते घेतले नाहीत.

अलाइनमेंटवाल्याने मागचं टो आणि कॅम्बर (चाकं आत-बाहेर किती वळलेली आणि किती कललेली आहेत ते) कागदावर छापून दिलं, दोन्ही मर्यादेत. या बीमला मागे काही फिरवून सेट करता येत नाही. आकडे मर्यादेबाहेर असतील तर बीम किंवा स्टब (चाक ज्यावर बसतं तो आस) वाकलाय असं समजायचं. अशा गाडीला बार घालून उपयोग नाही.

परतीच्या वाटेवर पाषाण रोडला जाणवलं की निम्मी तक्रार इथेच गेली. डावी-उजवी पटकन केली तर बॉडी आधी उशिरा कलायची आणि मग एकदम, ते बंद झालं. नाक बाहेर ओढणं राहिलं.

३ मार्च

मोजायची सोय केली. चाकणजवळ ओळखीच्यांच्या बंद शेडबाहेर काँक्रीटचं मोकळं आवार आहे. मालकाची परवानगी घेऊन खडूने वर्तुळ आखलं, गाडीच्या मध्यावर धरलेली त्रिज्या १५ मीटर. त्यावर गाडी फिरवायची, नाक बाहेर जायला लागेल तिथपर्यंत हळूहळू वेग वाढवायचा, त्या वेगाला फेरीचा वेळ घ्यायचा. स्टिअरिंगच्या माथ्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि फोन मागच्या सीटवरून स्टिअरिंगकडे रोखून बसवला, म्हणजे किती वळवावं लागतंय ते नंतर बघता येतं. दोन्ही दिशांना फिरवून सरासरी घेतली. एकाच दिशेने फिरत राहिलं तर बाहेरचे टायर तापून आकडे बिघडतात. आणि चक्कर येते ती वेगळीच.

कंपनीचं सस्पेन्शन, जुने टायर: फेरी ९.१ सेकंद. म्हणजे ताशी ३७ किमी वेग आणि सुमारे ०.७३ जी (वळणात बाजूला बसणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत).

दुसरी चाचणी: त्याच वर्तुळावर मर्यादेच्या जरा आत फिरताना ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा. नाक थोडं आत वळलं, मागचा भाग जागेवर. घरच्यांना शांतपणे चालवता येईल अशी गाडी.

हवेचा प्रयोगही त्याच दिवशी उरकला. मागच्या टायरांत स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ४ पीएसआय जास्त भरली की मागचा भाग जरा जागा होतो. फुकटातला प्रयोग आहे, बार मागवण्याआधी प्रत्येकाने करावा. मागच्या बाजूने थोडं वळायला मदत केली तर आपल्याला ते आवडतं की घाबरवतं, हे त्यातून कळतं.

१६ मार्च

एका मित्राने त्याच्या पोलोतून काढलेला २५ मिमीचा भरीव बार पडून होता. "घालून बघ, आवडला तर पैसे दे" म्हणाला. त्याने का काढला ते विचारलं तर हसला.

बसवताना उजवीकडचा क्लॅम्प बसला, डावीकडचा चारेक मिलिमीटर वर राहिला. मामाने टॉमी (लोखंडी दांडा) घालून दाबायची तयारी केली. थांबवलं. असा दाबून आवळला तर बार सरळ रस्त्यावरही कायमचा पिळलेला राहतो, गाडीचं वजन तिरपं बसतं आणि डाव्या-उजव्या वळणांना ती वेगळी वागते. पाहिलं तर उजव्या आर्मखाली लिफ्टच्या आधाराचा जॅक तसाच राहिला होता, त्यामुळे तो आर्म वर होता. जॅक काढून दोन्ही चाकं सारखी लोंबू दिली, क्लॅम्प हाताने बसला. या कामात लक्षात ठेवायची पहिली गोष्ट हीच: आवळताना दोन्ही चाकं एका उंचीवर.

दुसरी: आर्मवरून एबीएसची वायर, ब्रेकची पाइप आणि हँडब्रेकची केबल जाते. क्लॅम्पची कड हँडब्रेकच्या केबलला टेकत होती. पेट्रोल पाइपचा तुकडा उभा चिरून केबलवर चढवला आणि टायने बांधला. चाकं लोंबलेली असताना जागा दिसते म्हणून समाधान मानू नका. गाडी जमिनीवर उतरवून, मागे दोन माणसं बसवून पुन्हा खालून बघा.

मजुरी १,५००.

२४ मार्च

वर्तुळ: ९.० सेकंद. एवढंच. एवढं जाडजूड लोखंड घालून दशांश सेकंद मिळाला आणि तोही माझ्या हाताचा फरक असू शकतो. स्टिअरिंग मात्र स्पष्ट कमी वळवावं लागलं, चिकटपट्टी आधीपेक्षा माथ्याजवळ राहिली. गाडी तेवढ्याच वेगाने जाते, पण सांगितलं तिकडे जाते.

मग ॲक्सिलरेटर सोडायची चाचणी. मागचा भाग झटकन बाहेर आला, ईएसपीने ब्रेक लावून गाडी पकडली. काँक्रीटवर, कोरड्यात, ३५ च्या वेगाला. पावसात, उतारावर, समोरून एसटी आलेली पाहून दचकून पाय उचलला तर काय होईल याचा विचार केला आणि मित्राचं हसू कळलं.

पसरणी घाटात ही गाडी कोरड्यात मजा देते, हे मी नाकारत नाही. आतलं पुढचं चाक मोकळं फिरणं जवळजवळ बंद. पण पौडहून पुढे मुळशीच्या रस्त्याला लागलो आणि खड्डे सुरू झाले. गतिरोधकावर काही फरक नाही, कारण दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, बार पिळतच नाही. एका चाकाखालचा खड्डा मात्र सगळ्या मागच्या भागाला हिसका देतो. वळणात असा खड्डा आला की मागचं टोक बाजूला उडी मारतं. मागे बसलेल्यांनी ताम्हिणीच्या अलीकडेच चहासाठी थांबायची मागणी केली.

संध्याकाळी सोसायटीच्या उतारावर तिरकी चढवली तर मागचं आतलं चाक जमिनीपासून हातभर वर. पाय उचललेलं कुत्रं जसं खांबाशी उभं राहतं तशी गाडी गेटमध्ये उभी. वॉचमनकाकांनी शिट्टी वाजवून थांबवलं आणि चाक निखळतंय म्हणून सांगायला धावत आले.

२५ परत.

७ एप्रिल

बार काढून (मजुरी १,०००) आठवडाभर कंपनीच्याच सस्पेन्शनवर फिरलो. मला २५ च्या निम्म्याहून कमी हवंय, हे आता पोटातून माहीत आहे. उरले दोन: १९ भरीव म्हणजे २५ च्या ३३ टक्के, २२ पोकळ म्हणजे ४३ टक्के.

निर्णय जाडीवर झाला नाही, क्लॅम्पवर झाला. जो १९ चा बार मिळत होता त्याची टोकं चपटी करून एकेका बोल्टने पातळ पट्टीवर धरलेली. बार पिळायच्या आधी ती पट्टीच वाकेल. शिवाय एका बोल्टभोवती टोक फिरायला मोकळं, म्हणजे काही दिवसांनी खडखड. पोकळ २२ ला दोन्ही टोकांना जाड क्लॅम्प, प्रत्येकी दोन बोल्ट, टोकं बुचाने बंद. पोकळ बारची टोकं उघडी असतील तर घेऊ नका. आत पाणी आणि चिखल साचून तो आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

मागवला. बार १६,५००, कुरिअर ५,२००.

कायद्याचंही इथेच लिहितो, कारण विचारणारे खूप. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बारची नोंद आरसीवर नसते, त्याला कापाकापी किंवा भोकं पाडणं लागत नाही आणि तासाभरात तो निघतो, एवढंच माझ्या बाजूने. यावरून कुणी "चालतं हो" असा निष्कर्ष काढून मला जबाबदार धरू नये. विमा कंपनीला मेलने कळवलं. "नोंद घेतली" असं एका ओळीचं उत्तर आलं. मेल छापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे. क्लेमच्या वेळी तो किती उपयोगी पडेल ते तेव्हा बघू.

२७ एप्रिल

पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं. २०२४ मध्ये मूळ ड्युटी १५ टक्के होती, तिच्यावर १० टक्के अधिभार, मग मालासकट या सगळ्यावर २८ टक्के आयजीएसटी. शंभर रुपयांच्या मालाला तेव्हा ४९ रुपये पडले, आणि ही टक्केवारी कुरिअरच्या खर्चासकट लागली. २१,७०० वर १०,६६० भरले, वर कुरिअरवाल्यांचं कागदपत्रांचं शुल्क १,१८०. हातात पडेपर्यंत बार ३३,५४० ला गेला. मागवताना फक्त बारची किंमत बघणाऱ्यांनी ती थेट दुप्पट धरावी.

पार्सलच्या एका कोपऱ्यात खोक्याबाहेर आलेलं टोक आणि पावडर कोटिंगवर ओरखडा. बार सरळ आहे का ते काचेच्या टेबलावर लोळवून बघितलं. सरळ निघाला.

१ मे

सुट्टी असल्याने मामाचं गॅरेज बंद, पण त्याने आम्हाला लिफ्ट वापरू दिली आणि स्वतः खुर्ची टाकून बसला. दोन्ही चाकं लोंबती, क्लॅम्प हाताने बसले, कागदावर दिलेल्या ४५ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळले. केबलवर पाइपचा तुकडा पुन्हा चढवला. प्रत्येक नटावर आणि क्लॅम्पवर मिळून पिवळ्या पेन्टची एक रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

मामाने पैसे घेतले नाहीत. आमरसाचा डबा मात्र ठेवून घेतला.

१२ मे

तीनशे किलोमीटरनंतर खालून बघितलं. सगळ्या रेघा जुळलेल्या. तेवढ्यावर गाडी खाली घेणार होतो, पण मामा म्हणाला, "साहेब, पाना लावून तर बघा." चारपैकी तीन बोल्ट २५-३० लाच हलले.

नट फिरलेलाच नव्हता. क्लॅम्पखालचं पावडर कोटिंग चेपून पातळ झालं होतं, त्यामुळे बोल्टचा ताण गेला. रेघ फक्त नट फिरला का ते सांगते, ताण उरला का ते सांगत नाही. नुसतं पुन्हा आवळलं असतं तर कोटिंग आणखी चेपलं असतं आणि हेच चक्र चालू राहिलं असतं.

सगळं खोललं. बारवर क्लॅम्प बसतो तेवढ्याच पट्ट्यातलं आणि क्लॅम्पच्या आतलं कोटिंग एमरी कागदाने घासून धातूपर्यंत काढलं, झिंक स्प्रेचा एक पातळ हात मारला, नवीन नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) घातले (जुने पुन्हा वापरू नयेत), पुन्हा ४५. कडांना ग्रीस, पाणी आत जाऊ नये म्हणून. मजुरी धरून बसवणीचा खर्च २,१४०.

हे काम बार बसवण्याआधीच करता येतं, अर्ध्या तासाचं आहे.

२६ मे

पुन्हा पाचशेक किलोमीटर, टॉर्क जागेवर. आता चाचणी.

वर्तुळ ९.० सेकंद, म्हणजे २५ एवढंच. स्टिअरिंग मूळ गाडीपेक्षा कमी वळवावं लागतं, २५ पेक्षा किंचित जास्त. ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग थोडा बाहेर येतो, तिथेच थांबतो आणि स्टिअरिंग सरळ करायला वेळ मिळतो. ईएसपी गप्प.

त्यानंतर टायर. जुने सहा वर्षांचे झाले होते, ते तसेही बदलायचे होते. त्याच मापाचे, चांगल्या ग्रिपचे चार नवे घेतले, २७,६००. शे-दोनशे किलोमीटर घासू दिले आणि पुन्हा त्याच काँक्रीटवर: ८.७ सेकंद. ०.८० जी. बारने जे दिलं नव्हतं ते टायरने दिलं. बार पकड वाढवत नाही, असलेली पकड पुढे आणि मागे वाटून देतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर टायर घ्या, बारचं पुढच्या वर्षी बघा. ३३ हजार बारवर घालून बसलेला माणूस हे सांगतोय.

आणि टायर दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे. हा बार असेल तर नक्कीच मागे. झिजलेले टायर मागे आणि कडक बार, ही जोडी पावसाळ्यात रस्त्याबाहेर नेईल.

२३ जून

पाऊस. ताम्हिणी ओली, धुकं, मध्ये दरडीची माती रस्त्यावर. अशा दिवशी जोरात चालवायचंच नव्हतं, फक्त गाडी बिचकते का ते बघायचं होतं.

मुळशीच्या खड्ड्यांवर मूळ गाडीपेक्षा जरा जास्त हिसका आहे, पण मागे बसलेल्यांनी तक्रार केली नाही. चढावर हेअरपिनमधून निघताना आतलं चाक ओल्यातही आधीपेक्षा कमी फिरतं. बाहेर पडताना पाय थोडा लवकर देता येतो, हा सगळ्या खर्चातला सर्वात खरा फायदा. उतारावर वळणाच्या मध्यात मुद्दाम पाय हलका केला. मागचा भाग जागा झाल्याचं कमरेला कळलं, ईएसपीचा दिवा एकदा लागला. मी मूळ गाडीत पाय असाच उचलत आलो, ती सवय मोडावी लागेल. बायको ही गाडी चालवते. तिला शेजारी बसवून त्या चाकणच्या आवारात पाणी मारून हे करून दाखवलं, मग तिच्या हातात दिली. तिने माझ्यापेक्षा हळू सोडलं आणि गाडी सरळच राहिली.

सोसायटीच्या उतारावर मागचं चाक अजूनही उचलतं, पण बोटभर. वॉचमनकाका आता बघत नाहीत.

१४ जुलै

खर्च: जुन्या भागांची दुरुस्ती १९,५००, उसन्या २५ ची बसव-काढ २,५००, बार कस्टमसह ३३,५४०, बसवणी आणि दुरुस्ती २,१४०, टायर २७,६००. एकूण ८५,२८०. यातले बारचे म्हणून ३८ हजारांच्या आसपास.

पावसात चिखल बसून डाव्या क्लॅम्पच्या वरच्या कडेला गंजाचा डाग आला आहे. वायर ब्रशने घासून पुन्हा झिंक मारला. टोकाची बुचं घट्ट आहेत, बार हलवला तर आत पाण्याचा आवाज नाही. एबीएसच्या वायरीवर एका जागी घासल्याची चमक दिसली, तिथे टाय सरकवून वायर मोकळी केली.

मागच्या बीमचे दोन मोठे बुश अजून मूळचेच आहेत. बार कडक झाल्यावर त्यांच्यावर जास्त ताण येतो आणि गाडी ९० हजारांकडे चालली आहे. दिवाळीआधी ते बघून घ्यायचे. मामाने प्रेससाठी अर्धा दिवस धरायला सांगितलंय.